पिंप माणसात आले

वांग्याच्या भरताविषयी ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांनी हे पान खुशाल उलटावे.

आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आषाढी एकादशीला घरातून गेलेले वांगे परत येते ते मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यासाठी. जवळजवळ पाच महिन्यांचा विरह. त्या दिवशी पहिला घास घेतला की आई दरवर्षी म्हणायची, ''भरताला धूर नाही रे.'' तिचे बालपण चुलीपुढे गेलेले. गॅसवर वांग्याची साल करपते, पण धूर लागत नाही, हे तिचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत असू.

2021 साली करोनाने तिचे नाक नेले. पुढे उदबत्ती कळू लागली, कापूर कळू लागला. बाकीचे परतले की नाही, ते तीही सांगेना. पण चंपाषष्ठीची तक्रार बंद झाली. मुकाट्याने जेवायची. ते मात्र मला लागले.

टेक्सासात असलेला आमचा भाचा सुट्टीत आला होता. तिकडे लोखंडी पिंपाची धुराची भट्टी घरीच करतात आणि मंद आचेवर तासन्‌तास पदार्थ शिजवतात, हे त्याने वर्णन करून सांगितले. त्या पिंपात काय शिजते, हे आईच्या कानावर घालण्यात अर्थ नव्हता; युक्ती तेवढी उचलली.

जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. रविवारी गोड्या तेलाचे 200 लिटरचे पिंप पसंत केले. विकणाऱ्याने विचारले, ''काय भरणार यात?'' म्हटले, ''धूर.'' त्याने लगेच पैसे मोजून घेतले.

वेल्डरने मात्र मला शहाणे केले. बंद पिंपात उरलेल्या तेलाची वाफ ठिणगीने भडकते, म्हणून झाकण काढून, धुऊन आणल्याखेरीज तो हात लावीना. आतली जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नको, असेही त्याने बजावले. तापले की जस्ताचा धूर होतो आणि माणसाला ताप भरतो. मग काळ्या सळ्यांची जाळी केली. तळाजवळ हवेसाठी भोके, त्यांवर सरकते झाकण, वर तीन इंची नळी. विस्तव आणि जाळी यांच्यामध्ये कुंभारवाड्यातले मातीचे परळ ठेवले, म्हणजे ज्वाळा थेट वांग्याला भिडू नये.

पिंप तयार झाले, पण अजून माणसात यायचे होते. नव्या बिडाच्या तव्यावर पहिल्याच दिवशी कोणी धिरडे घालते काय? तसेच हे. आधी रिकामेच दोन तास सणसणीत पेटवले. बाहेरचा रंग आणि आतले तेल जळून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात पाटी लावली : 'येथे धूर करू नये. वर कपडे वाळत असतात.' मग आतून जवसाचे तेल पुसले. बोटभर जाड पुसले, हा माझा अडाणीपणा. ते सुकेना, माशा चिकटू लागल्या. सारे खरवडून पुन्हा अगदी पातळ हात दिला आणि मंद आचेवर तीन तास ठेवले, तेव्हा कुठे काळी तकतकी आली. असे तीनदा केले. हा तेलाचा थर पत्र्यावर घट्ट बसला की गंज धरत नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या रविवारी रंगीत तालीम. मागच्या अंगणात जळगावची भरताची दोन वांगी ठेवली, आंब्याची लाकडे पेटवली. पांढराशुभ्र दाट धूर निघू लागला. मी मनात म्हटले, वा! एवढ्यात आतून, दार लावून पडलेल्या आईचा आवाज आला, ''ओलं लाकूड घातलंस काय रे? कडू होईल ते!''

मी तसाच उभा राहिलो. आमची सौभाग्यवतीही ओट्याशी थांबली. आईच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. तिथून अंगण दिसत नाही.

भरीत अर्थातच कडू झाले. लाकूड ओले असले की आच पाणी घालवण्यातच खर्ची पडते; त्यातून हवा कोंडली, तर लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि तेच कडवटपण पदार्थावर बसते. मी तर हवेचे झाकण अर्धे लोटून ठेवले होते! धूर दिसावा न दिसावा असा, निळसर झाला की वांगी ठेवायची. आईने दुसऱ्या दिवशी खुर्ची अंगणात टाकून घेतली आणि कारभार हाती घेतला. वाळलेली बाभूळ निखाऱ्याला, आंब्याची ढलपी वासाला. प्लायवूडचे तुकडे तिने लांबूनच ओळखून परत पाठवले.

चंपाषष्ठीला पिंप साधारण 120 अंशांवर ठेवले. वांगी दीड तासात लोळागोळा झाली. रोडगे खालच्या निखाऱ्यात. देवाला नैवेद्य दाखवला, तळी भरली, पाने वाढली. आईने घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

''धूर अंमळ जास्त झाला,'' ती म्हणाली, आणि ताट पुढे सरकवले. मी पुन्हा वाढले.