बाटली इथली, जाब बासेलला

सदर : कायदा आणि आपण

शिरपूर तालुक्यात कापसाला पाते-बोंडे लागू लागली की बांधाबांधावर फवारणीचे पंप दिसू लागतात. पंप असतो बहुधा रोजंदारीच्या मजुराच्या, नाहीतर आखाजीला वर्षाचा करार केलेल्या सालदाराच्या पाठीवर. औषध मालकाने आणलेले असते. कृषी केंद्राचे बिल मालकाच्या नावाचे असते. बाटलीवरची अक्षरे इतकी बारीक की शाळेत शिकणाऱ्या मुलालाही डोळे ताणून वाचावी लागतात. वाऱ्याबरोबर उडणारे विष मात्र पंपवाल्याच्याच तोंडावर येते. उद्या हा माणूस दवाखान्यात पडला, तर त्याने जाब कोणाला विचारायचा? मालकाला? दुकानदाराला? की ज्याने हे औषध बनवून नफा कमावला त्या कंपनीला? आणि त्या कंपनीचे मुख्य ठाणे परदेशात असेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्याच राज्यातल्या, आपल्यासारख्याच कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील माणसांनी तो युरोपातल्या कोर्टापुढे नेला आहे. त्यांनी कोणती वाट धरली, हे खानदेशातील प्रत्येक मजूर कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कुणाची दृष्टी अंधुक झाली, कुणी बेशुद्ध पडले. राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्या पाचांमध्ये डायाफेंथियुरॉन हेही एक होते. सिंजेंटा कंपनीचे ‘पोलो’ नावाने विकले जाणारे औषध याच रसायनाचे. सिंजेंटाचे मुख्य कार्यालय स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात आहे. युरोपीय संघात २००२ पासून आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून हे रसायन वापरातून बाद झालेले होते. तिथल्या शेतातून हद्दपार झालेली वस्तू आपल्या शेतात मात्र खुशाल येत होती!

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या तिघांनी सिंजेंटाविरुद्ध बासेलमध्ये दिवाणी दाद मागितली. त्यांत दोघी पती गमावलेल्या भगिनी आणि एक विषबाधेतून वाचलेला शेतकरी. आणखी ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील एका सरकारी तक्रार केंद्राकडे वेगळी तक्रार गेली. हे केंद्र म्हणजे कोर्ट नव्हे. ते दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू शकते, हुकूम देऊ शकत नाही. या कामात भारतातील व स्वित्झर्लंड-जर्मनीतील संघटनांनी पीडितांना साथ दिली. कंपनीने आरोप नाकारले. आपल्याच औषधाने बाधा झाली याला पुरावा नाही, असे तिचे म्हणणे. म्हणजे भांडण शेवटी पुराव्यावर येऊन थांबते. त्याकडे पुढे वळू.

एका देशातील माणसाचे दुसऱ्या देशातील माणसाशी किंवा कंपनीशी व्यवहाराचे, नुकसानीचे भांडण झाले की तीन प्रश्न उभे राहतात. पहिला, दावा कोणत्या देशाच्या कोर्टात लावायचा? दुसरा, त्या कोर्टाने कोणत्या देशाचा कायदा लावायचा? तिसरा, निकाल मिळाला तरी पैसे वसूल कुठून करायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या कायद्याला खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नाव मोठे आहे. पण कापसाचा निर्यातदार असो की फवारणीचा मजूर, दोघांनाही हाच कायदा लागतो. फरक एवढाच की निर्यातदाराच्या करारात कोर्ट आणि कायदा आधीच लिहिलेला असतो. मजुराचा कंपनीशी करारच नसतो.

पहिल्या प्रश्नावर आपण एकदा भाजलो आहोत. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. कंपनी अमेरिकन म्हणून दावे अमेरिकेत लागले. परंतु मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी ते ऐकायला नकार दिला. भारतातली कोर्टे या कामाला अधिक सोयीची आहेत, असे कारण दिले. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ‘तुमचे कोर्ट अधिक सोयीचे, तिकडे जा’ हे वाक्य ऐकायला गोड. पण त्या वाक्याने बलवान प्रतिवादी आपल्या घरच्या कोर्टातून सुटतो.

युरोपातील बहुतेक देशांनी मात्र १९६८ च्या ब्रुसेल्स करारापासून एक साधा नियम धरला आहे. ज्याच्याविरुद्ध दावा, त्याच्या घरच्या कोर्टात दावा लावता येतो. दावा लावणारा कोणत्या देशाचा, हे पाहायचे नाही. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका प्रकरणात हे आणखी पक्के केले. जमैकात अपघात झालेल्या एका इंग्रज माणसाचा दावा इंग्लंडमध्ये लागला होता. जमैकाचे कोर्ट अधिक सोयीचे आहे म्हणून इंग्लंडच्या कोर्टाला हात झटकता येणार नाहीत, असा तो निकाल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. पण लुगानो करारामुळे तिथेही घरच्या कोर्टाचा हाच नियम चालतो. २०१७ मध्ये सिंजेंटा चिनी कंपनीच्या मालकीची झाली, तरी ठाणे बासेललाच राहिले. म्हणून यवतमाळच्या भगिनींना बासेलचे दार ठोठावता आले.

दार उघडले म्हणजे न्याय मिळाला असे नाही. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार होरपळून मेले. त्या मालाची मुख्य गिऱ्हाईक होती किक ही जर्मन कंपनी. मृतांचे तीन नातेवाईक आणि एक वाचलेला कामगार यांनी २०१५ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा लावला. कोर्ट जर्मन, कंपनी जर्मन. पण कायदा कोणाचा? युरोपीय संघात २००९ पासून लागू असलेल्या ‘रोम दोन’ या नियमावलीप्रमाणे इजा जिथे झाली त्या देशाचा कायदा, म्हणजे पाकिस्तानचा. जानेवारी २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला. पाकिस्तानी कायद्यात दावा लावण्याची जी मुदत होती ती टळून गेली होती! कंपनीचा दोष आहे की नाही, हे बघण्यापर्यंत कोर्ट पोचलेच नाही. तारखेने माणसांना हरवले.

आता यवतमाळचे पाहा. आपल्याकडे मृत्यूबद्दल वारसांनी १८५५ च्या घातक अपघात कायद्याखाली भरपाई मागायची तर १९६३ च्या मुदत कायद्याने दोनच वर्षे दिली आहेत. मृत्यू २०१७ चे, दाद २०२० ची. भारतीय मुदत लावली असती तर कराचीचाच धडा इथेही गिरवला जाण्याचे भय होते. परंतु स्वित्झर्लंडच्या खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कलम १३५ मध्ये एक मोलाची सवलत आहे. सदोष मालाने इजा झाली असेल तर बनवणाऱ्याच्या देशाचा कायदा लावायचा की माल जिथे घेतला त्या देशाचा, ही निवड इजा झालेल्या माणसाने करायची. आणि स्विस कायद्यात अशा दाव्याला, नुकसान, दोष आणि उत्पादक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तीन वर्षे भरत आली असतानाच दाद दाखल झाली. आणखी एक गोष्ट मजुरांनी मनात कोरून ठेवावी. सदोष मालाच्या कायद्यात दाद मागणारा हा मालाचा गिऱ्हाईकच असला पाहिजे असे नाही. बिल मालकाच्या नावाचे असले, तरी ज्याच्या अंगाला विष लागले त्याचा हक्क बुडत नाही.

तिसरा प्रश्न वसुलीचा. भारतातील कोर्टाचा हुकूमनामा घेऊन परदेशात वसुलीला जायचे म्हटले तर त्या देशाच्या कोर्टात पुन्हा मान्यतेची लढाई लढावी लागते. दावाच कंपनीच्या घरी लावला, तर निकाल आणि मालमत्ता एकाच गावात असतात. म्हणून लांबची वाट कधी कधी जवळची ठरते.

या प्रश्नावर तिथली जनताही शांत बसलेली नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले. स्विस कंपन्यांनी परदेशात केलेल्या हानीला त्या स्वतः जबाबदार धराव्यात, असा प्रस्ताव होता. मतदारांपैकी ५०.७ टक्क्यांनी होकार दिला. पण तिथे मतांबरोबर प्रांतांचेही बहुमत लागते. ते न मिळाल्याने प्रस्ताव पडला. तरीही १ जानेवारी २०२१ पासून डायाफेंथियुरॉन व प्रोफेनोफॉससह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर स्वित्झर्लंडने बंदी घातली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांवर परदेशातील हानीची जबाबदारी टाकणारा कायदा केला. परंतु एप्रिल २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यातील भरपाईची समान तरतूद वगळण्यावर तडजोड झाली. दार कधी किलकिले होते, कधी पुन्हा लोटले जाते. त्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

मग आपल्या हातात काय आहे? पुरावा आणि तारीख, या दोनच गोष्टी. यवतमाळच्या प्रकरणात सरकारी कागदांत ‘पोलो’शी जोडलेल्या विषबाधेच्या ९६ नोंदी होत्या, त्यांत दोन मृत्यू. या नोंदी कुठून आल्या? कुणीतरी दवाखान्यात औषधाचे नाव सांगितले, कुणीतरी पोलिसांना ते लिहायला लावले, म्हणून आल्या. ज्या घरात बाटली गटारात फेकली गेली, त्या घराचे दुःख खरे असूनही कागदावर कुठेच उमटले नाही.

म्हणून माता-भगिनींनो, ही कामे तुम्ही अंगावर घ्या, कारण आजाऱ्याला शुद्ध नसते. फवारणीहून आलेल्या माणसाला चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काही जाणवले, तर आधी त्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. औषधाची बाटली किंवा पुडा पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना उपचारासाठीही त्याचा उपयोग होतो. दोन-तीन औषधे मिसळली असतील तर सगळ्यांची नावे सांगा. केसपेपरवर ती नावे लिहिली गेली का, हे शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. विषबाधा ही पोलीस केस असते. जबाबात औषधाचे नाव, कोणाच्या शेतात, कोणत्या दिवशी, हे आले पाहिजे. बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढा. बॅच नंबर, कंपनीचे नाव, तयार केल्याची तारीख त्यावर असते. मालकाकडून बिलाची नक्कल मागा. तो कुरकुर करील. कारण आपल्यावर बालंट येईल अशी त्याला भीती वाटते. त्याला समजावून सांगा की बिल दिले तर बोट कंपनीकडेही जाते, दडवले तर एकट्या त्याच्याकडे राहते.

आणि दुःखाच्या पहिल्या महिन्यातच वकिलाला विचारा. शिरपूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. अनुसूचित जातींच्या व जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. सरकारी मदतीचा धनादेश घेतला म्हणून पुढचा हक्क आपोआप संपतो असे समजू नका. मात्र ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

कापसाची गाठ शिरपूरहून निघून परदेशात जाते तेव्हा तिच्याबरोबर वजनाचा, प्रतीचा, मालकीचा कागद जातो. मजुराच्या घामाबरोबर असा कागद कुणी पाठवत नाही; तो त्याच्या घरच्यांनीच जपायचा असतो. यंदाच्या फवारणीआधी घरात एक प्लास्टिकची पिशवी खुंटीला लावा आणि पहिला कागद आजच तिच्यात घाला.