विद्यापीठीय रसायनशास्त्राची पूर्वतयारी

बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन विज्ञानशाखेच्या प्रथम वर्षात आलेला विद्यार्थी रसायनशास्त्राच्या पहिल्या काही व्याख्यानांतच मागे पडतो, हा अनुभव महाविद्यालयांस नवा नाही. तो प्रश्न विचारीत नाही. हळूहळू मागल्या बाकावर सरकतो, आणि पुढे विषय बदलतो अथवा शिक्षणच सोडतो. अशा विद्यार्थ्यासाठी सत्रारंभापूर्वी ऑनलाइन पूर्वतयारी-पाठ्यक्रम असावा, ही कल्पना योग्यच आहे. त्यासाठी साधनांचीही वाण नाही. आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये आरंभिलेला एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम, तसेच केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेले ‘स्वयम्’ यांवर व्याख्यानांचा विपुल संग्रह उपलब्ध आहे. उणीव आहे ती काय वगळावयाचे, या निर्णयाची.

अकरावी-बारावीचा सारा अभ्यासक्रम तीन आठवड्यांत पुन्हा उरकून घ्यावा, असा मोह योजकांस सहज पडतो. परंतु जे दोन वर्षांत उमगले नाही, ते तिप्पट वेगाने सांगितल्यामुळे उमगेल असे मानण्यास आधार नाही. मूलद्रव्यांच्या गणांचे गुणधर्म, सेंद्रिय संयुगांची नावे वगैरे भाग विद्यापीठात पुन्हा येतोच. पूर्वतयारीत द्रव्याचे कणरूप, मोल, रासायनिक समीकरणाचा अर्थ आणि त्रैराशिक एवढ्याच गोष्टी घ्याव्यात व त्या पक्क्या कराव्यात.

त्या कशा पक्क्या कराव्यात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नायट्रोजनच्या एका रेणूशी हायड्रोजनच्या तीन रेणूंचा संयोग होऊन अमोनियाचे दोन रेणू बनतात. तर २८ ग्रॅम नायट्रोजनास किती हायड्रोजन लागेल? उत्तर ६ ग्रॅम. आता एखाद्या विद्यार्थ्याने ८४ लिहिले, तर त्याने २८ ला तिनाने गुणले. म्हणजे समीकरणातील अंक रेणूंची संख्या सांगतात, वजन नव्हे, हे त्याला ठाऊक नाही. ज्याने ३ लिहिले, तो हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा असतो हे विसरला. ज्याने २ लिहिले, त्याने समीकरणातील तीन हा अंक विचारात घेतलाच नाही. तिन्ही उत्तरे चूक, पण तिघांची व्याधी निरनिराळी. तिघांसही ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगणारे यंत्र शिक्षकाचे काम करीत नाही. ८४ लिहिणाऱ्यास पुढचा प्रश्न असा यावा : याच हिशेबाने अमोनिया किती होईल? तो ५६ म्हणेल. मग २८ आणि ८४ मिळून ११२ ग्रॅम द्रव्य घेतले, त्यातील उरलेले ५६ ग्रॅम गेले कोठे? येथे तो थबकेल, आणि त्याचे शिक्षण येथूनच सुरू होईल.

प्रवेशपरीक्षांच्या बहुपर्यायी पद्धतीत चुकीच्या पर्यायास गुण नाहीत, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. पूर्वतयारीत मात्र खरे लक्ष तिकडेच हवे. असा एक प्रश्न रचावयास कदाचित एका व्याख्यानाच्या ध्वनिचित्रणापेक्षा अधिक श्रम पडतील, ते घ्यावेत.

समीकरण अचूक संतुलित करणारा विद्यार्थीही त्याचे चित्र काढताना हायड्रोजनचे सहा अणू एकाच माळेत ओवतो, असे आढळते. ग्लासगो विद्यापीठाचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी रसायनशास्त्राच्या तीन पातळ्या दाखविल्या होत्या : डोळ्यांस दिसणारे द्रव्य, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे. जाणता शिक्षक या तिन्हींत सहज ये-जा करतो, नवखा चिन्हांतच अडकून राहतो. म्हणून प्रत्येक उदाहरणात चित्र काढावयास लावणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात यात भाषेची गुंतागुंत आणखी भर घालते. मराठी शाळेत ‘अणू’ आणि ‘रेणू’ शिकलेल्या मुलाचा अणू हिंदीत ‘परमाणु’ होतो. आणि हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू! बंगालीत हिंदीप्रमाणेच, तर तमिळमध्ये मराठीप्रमाणे. नागपूरच्या एकाच वर्गात बसलेली दोन मुले एकच शब्द उच्चारून दोन वस्तू मनात आणीत असतील. इंग्रजी संज्ञा शिकविल्याने ही गफलत आपोआप मिटत नाही, कारण मनातला अर्थ जुनाच राहतो. पाठ्यक्रमात विद्यार्थ्याच्या भाषेतील संज्ञा इंग्रजी संज्ञेशेजारी, चित्रासह द्यावी.

घरात एकच मोबाइल असेल तेथे तासाभराची चित्रफीत निरुपयोगी ठरते. मजकूर आणि आकृत्या पुरतात. ब्यूरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडण्याचे कौशल्य मात्र पडद्यावर येणार नाही, ते प्रयोगशाळेवरच सोपवावे. शिवाय सत्र सुरू होताच पाठ्यक्रम बंद करू नये. पहिल्या चाचणीपर्यंत तो खुला असावा आणि त्याचे गुण कोठेही धरू नयेत. प्रत्येक उत्तर किती विद्यार्थ्यांनी दिले, याचा नावांवाचूनचा तक्ता पहिल्या दिवशी प्राध्यापकांच्या हाती पडावा. वर्गातील साठांपैकी वीस जणांनी ८४ लिहिले असेल, तर पहिले व्याख्यान अणुरचनेवर देण्याऐवजी त्यांनी वर्गात तराजू आणावा.