नातवंडांची हजेरी

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एका निवृत्त आजोबांचे पत्र आहे. त्यांच्या पत्नीला पक्षाघात होऊन दीड वर्ष लोटले. मुलगा आणि सून नोकरीवर जातात, दिवसा शुश्रूषेसाठी एक मावशी येतात. मावशींचा खाडा झाला की नववीत शिकणारी नात घरी थांबते. पहिले सत्र संपताच शाळेची चिठ्ठी आली : 108 दिवसांपैकी उपस्थिती 77 दिवस, पालकांनी येऊन भेटावे. आजोबा विचारतात, 'घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असताना शाळेने इतके कठोर व्हावे काय?'

प्रश्न शाळेविषयीचा वाटला, तरी त्याचे उत्तर घरातच शोधावे लागणार आहे. म्हणून तो या सदरात घेतला.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. आठवीपर्यंतच्या मुलांना 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र असते. त्या टप्प्यावर शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. नववीपासून हे छत्र राहत नाही. आपले राज्य मंडळ असो वा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, परीक्षेला बसण्यासाठी किमान 75 टक्के उपस्थितीची अट दोन्हीकडे आहे. वर्षाचे 220 दिवस शाळा भरली असे धरले, तर 165 दिवस हजर राहणे आवश्यक होते. पत्रातील मुलीची टक्केवारी 71 च्या आसपास आहे. तूट भरून काढण्यासाठी उरलेल्या 112 दिवसांपैकी 88 दिवस तिला शाळेत जावे लागेल. हे अशक्य नाही, परंतु आजवरच्या गतीने घर चालत राहिले तर ते होणारही नाही.

75 टक्के ही किमान मर्यादा आहे, हे मात्र आपण विसरतो. तिच्या आत राहिले की सारे ठीक, अशी अनेक घरांची समजूत असते. 220 पैकी 55 दिवस म्हणजे सव्वादोन महिन्यांची शाळा! अमेरिकेतील अनेक राज्ये दहा टक्के दिवस बुडाले तरी त्या मुलाला दीर्घकालीन गैरहजर मानतात, आणि त्या मोजणीत आजारपणाची रीतसर रजासुद्धा धरली जाते. कारण सरळ आहे. रजा मंजूर झाली म्हणून बुडालेला बीजगणिताचा पाठ परत येत नाही. दहा टक्के म्हणजे आपल्या हिशेबाने 22 दिवस, महिन्याला जेमतेम दोन.

गंभीर कारणासाठी सवलत आहे. केंद्रीय मंडळ दीर्घ आजार, आई किंवा वडिलांचा मृत्यू, अधिकृत क्रीडास्पर्धांतील सहभाग अशा कारणांचा विचार करते; कर्करोग, क्षयरोग यांसारख्या आजारांत दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले, तर साठ टक्क्यांखालील उपस्थितीचाही विचार होऊ शकतो. त्यासाठी कागद लागतात, आणि ते वेळच्या वेळी दिलेले असावे लागतात. घरातल्या वृद्धाची शुश्रूषा हे कारण मात्र या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. इंग्लंडमध्ये 2023 पासून शाळांच्या वार्षिक नोंदणीत घरच्या आजारी माणसाची काळजी वाहणाऱ्या मुलांची निराळी नोंद घेतली जाते. आपल्या हजेरीपटावर हजर, गैरहजर आणि रजा एवढ्याच खुणा. एखादी मुलगी कंटाळून घरी राहिली की आजीचे अंथरूण बदलायला राहिली, हे हजेरीपटाला कळत नाही. ते वर्गशिक्षकांना कुणीतरी सांगावे लागते.

आजोबांनी 31 खाड्यांचा हिशेबही प्रामाणिकपणे लिहून पाठवला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मावशी न आल्यामुळे 19 दिवस, आजीला रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी 4, नातीचा स्वतःचा ताप 5, आणि नात्यातल्या एका लग्नासाठी 3. मुलीच्या स्वतःच्या प्रकृतीमुळे बुडालेले दिवस केवळ पाच! बाकीचे 26 दिवस घराने तिच्याकडून घेतले आहेत.

हे लिहिताना कुणालाही दोष द्यावा असे मला वाटत नाही. परावलंबी माणूस घरात असला म्हणजे काय होते हे या सदराच्या वाचकांना मी सांगायला नको. सकाळी साडेसातला निरोप येतो, 'आज येत नाही'. मुलाची गाडी आठची, सुनेची बैठक नऊची, आणि ज्याच्या न जाण्याने कुणाचा पगार कापला जात नाही असे घरात एकच माणूस उरते. मग सगळे त्या मुलीकडे पाहतात. ती 'मी थांबते' म्हणते, आणि सगळे तिला गुणी म्हणतात. या कौतुकानेच पुढे तिला 'आज माझी प्रयोगाची तासिका आहे' असे म्हणता येत नाही. त्या घरात नातू असता तर त्यालाही असेच थांबवले असते काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तरी ही व्यवस्था बरी नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. चौदा वर्षांच्या मुलीने एकटीने प्रौढ माणूस उचलणे म्हणजे तिच्या पाठीला इजा आणि रुग्णाला पडण्याचा धोका. गिळताना ठसका लागत असेल तर भरवणे हेही जाणत्या माणसाचे काम आहे. इन्सुलिनची मात्रा तर मुलाच्या हाती कधीच देऊ नये. चूक झाली तर आजीला धोका, आणि त्या मुलाच्या मनावर जन्माचा भार. नातीने आजीजवळ बसावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, केस विंचरावेत, बोलण्याच्या व्यायामात साथ द्यावी. यातून दोघींनाही सुख मिळते, आणि हे सारे शाळा सुटल्यावर होऊ शकते.

मग त्या 19 दिवसांचे काय करावे? मावशींची पर्यायी व्यवस्था अगोदर ठरलेली असावी. सकाळी साडेसातला सुचणारा पर्याय नेहमी मुलगीच असतो. शेजारच्या एखाद्या बाईंशी दिवसाच्या मोबदल्यावर बोलून ठेवता येते. मुलगा आणि सून यांनी महिन्यातला एकेक दिवस आपल्या वाट्याला घ्यावा. आजोबा स्वतः हिंडते-फिरते आहेत असे पत्रावरून दिसते. आजीला वळवणे, स्वच्छ करणे ही कामे पुरुषांनाही शिकता येतात. भौतिकोपचारतज्ज्ञ घरी येत असतील तर दोन-तीन वेळा त्यांच्या देखत करून पाहावीत. (आमच्या पिढीतील पुरुषांना हे जड जाते, हे खरे. पण पत्नीची सेवा नातीवर सोपवण्यापेक्षा ते बरे.) अगदीच अडले तर पूर्ण दिवसाऐवजी दोन तासांची सवलत मागावी. वर्गशिक्षकांना परिस्थिती ठाऊक असेल तर उशिरा येण्याची परवानगी पुष्कळदा मिळते.

रुग्णालयाचे चार दिवसही वाचले असते. नियमित तपासणीची तारीख ठरवताना शाळेचे वेळापत्रक समोर ठेवावे, आणि शनिवारची दुपार, दिवाळीची सुट्टी किंवा सत्र परीक्षेनंतरचे दिवस मागून पाहावेत. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचेही असेच आहे. नोव्हेंबर आला की 'बाळा, जरा बँकेत चल' म्हणून नातवाला शाळा बुडवून नेणारे आजोबा मी पाहिले आहेत. आता 'जीवन प्रमाण' ही सोय घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून वापरता येते, पोस्टमन घरी येऊनही दाखला करून देतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी तर मुदत ऑक्टोबरपासूनच सुरू होते. नातवाची मदत हवीच असेल तर संध्याकाळचा अर्धा तास पुरतो.

मुलीचे तापाचे पाच दिवस मात्र योग्यच होते. येथे आपण वडीलधारी मंडळी दोन टोकांना जातो. एकीकडे दोन शिंका आल्या की 'आज राहू दे'. दुसरीकडे परीक्षा जवळ आली की तापाची गोळी देऊन पाठवणी. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच मुलाला शाळेत पाठवावे. उलट्या-जुलाब थांबल्यावर दोन दिवस घरी ठेवावे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडांत सूज आल्यापासून पाच दिवस शाळा वर्ज्य. नुसत्या सर्दीने, ताप नसताना, घरी राहण्याचे कारण नाही.

या दिवसांत आजारी मूल घरात आपल्याच सहवासात असते, याचाही विचार करावा. साधा फ्लू मुलाला चार दिवसांत सोडतो, पण मधुमेह किंवा दमा असलेल्या आजोबांना तो न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. तेव्हा आजारी नातवाची उशी वेगळी, पेला वेगळा, खोलीची खिडकी उघडी, आणि वृद्धांनी वर्षातून एकदा फ्लूची लस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. नागिणीबद्दल तर उलटी सूचना. नातवाच्या कांजिण्यांमुळे आजीला नागीण होत नाही. आजीच्या नागिणीच्या ओल्या फोडांतून मात्र, कांजिण्या न झालेल्या व लस न घेतलेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात, आणि मग त्याची शाळा आठवडाभर बुडते. फोड झाकून ठेवावेत.

थोडे मुलींविषयी. पाळीच्या दिवसांत मुलीला घरी बसवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, आणि ती बहुधा आजीच्या शब्दाने चालते. महिन्याचे दोन दिवस म्हटले तरी दहा महिन्यांत वीस होतात. वर सांगितलेली दहा टक्क्यांची रेषा एवढ्यानेच जवळ येते. वेदना इतक्या तीव्र असतील की दर महिन्याला शाळा बुडते, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवण्याचे लक्षण आहे, सोसण्याचे नव्हे. वेदना नसतील तर तिला जाऊ द्यावे.

आणि सकाळचे उठणे. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. त्यांना रात्री लवकर झोप येतच नाही. आपले घड्याळ उतारवयात मागे आलेले असते. पहाटे चारला जागे झालेल्या आजोबांना साडेसहापर्यंत लोळणारा नातू आळशी वाटतो, यात नवल नाही. राज्य शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरवले. मोठ्या मुलांना ती सवलत नाही. त्यामुळे रात्री दहानंतर दिवाणखान्यातील दूरदर्शन संच बंद करणे, हा हजेरी राखण्याचा आपल्या हातातला उपाय आहे. दर सोमवारी पोट दुखते आणि दुपारी बरे होते, असे वारंवार घडत असेल तर मात्र झोपेवर खापर फोडू नये. शाळेत काही भय आहे काय, कुणी त्रास देते काय, हे शांतपणे विचारावे. आईवडिलांना न सांगितलेली गोष्ट मुले पुष्कळदा आजीला सांगतात.

आता त्या चिठ्ठीविषयी. 'पालकांनी येऊन भेटावे' याचा अर्थ शिक्षा असा घेऊ नये. वर्ष संपण्यापूर्वी शाळेने कळवले हे चांगलेच झाले. मुलगा-सून यांच्यासोबत आजोबांनीही भेटीला जावे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा : घरातील रुग्णाची अवस्था, डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत, आजवरच्या गैरहजेरीची कारणे तारखांसह, आणि पुढे घरात काय बदल केला आहे ते. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण मुख्याध्यापकांना दयेपेक्षा खात्री हवी असते. मुलीच्या तापाचे प्रमाणपत्र त्याच वेळी घेतलेले नसेल, तर आता मागील तारखेचे मागण्याच्या फंदात पडू नये. यापुढे ज्या दिवशी डॉक्टरांकडे जाल त्याच दिवशी ते घ्यावे, आणि शाळेला पहिल्याच दिवशी कळवावे. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेऊन ती आजीच्या औषधांच्या धारिकेतच ठेवावी. ती धारिका घरात कधी हरवत नाही.