'लिबर्टी'चा प्रश्न अजून मिटलेला नाही

शत्रूच्या गोळीला बळी पडलेल्या सैनिकाची स्मारके राज्यसंस्था हौसेने उभारते. मित्राच्या गोळीने मेलेला सैनिक मात्र तिला अडचणीचा वाटतो. अमेरिकेच्या 'लिबर्टी' या जहाजावरील खलाशांच्या वाट्याला हीच अडचण आली, आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही ती दूर झालेली नाही.

8 जून 1967. अरब-इस्रायल युद्धाचा तो चौथा दिवस होता. सिनाईच्या किनाऱ्यापासून दूर, आंतरराष्ट्रीय समुद्रात, एल अरीशच्या वायव्येस 'लिबर्टी' संथ गतीने चालले होते. बिनतारी संदेश टिपणे हे त्याचे काम. थोडक्यात, ते हेरगिरीचे जहाज होते. दुपारी दोनच्या सुमारास इस्रायली लढाऊ विमानांनी त्यावर तोफगोळ्यांचा व नापामचा मारा केला. पाठोपाठ तीन टॉर्पेडो नौका आल्या. त्यांनी सोडलेल्या पाच टॉर्पेडोंपैकी एक जहाजाच्या कुशीत घुसला. 34 माणसे मेली, 171 जखमी झाली. जहाजावर सारे मिळून तीनशेच्या आतच लोक होते. म्हणजे दर तिघांपैकी दोघे मृत वा जखमी झाले.

इस्रायलने तात्काळ क्षमा मागितली. एल अरीशवर समुद्रातून तोफा डागल्या जात असल्याची खबर आली होती. नौकांनी या जहाजाचा वेग चुकीने तीस नॉटच्या आसपास मोजला. पुढे त्याला 'एल कुसैर' हे इजिप्तचे मालवाहू जहाज समजण्यात आले, असा त्याचा खुलासा होता. युद्धाच्या धुमश्चक्रीत अशा चुका होतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु या खुलाशाला तडा देणाऱ्या गोष्टी इस्रायलच्याच चौकशीत नमूद आहेत. त्या दिवशी सकाळी इस्रायली टेहळणी विमानाने हे जहाज पाहिले होते. नौदलाच्या मुख्यालयात ते अमेरिकन असल्याची नोंदही झाली होती. पुढे ती खूण नकाशावरून काढून टाकण्यात आली. पाच नॉटने चाललेल्या जहाजाचा वेग तीस कसा ठरला? 'लिबर्टी'हून कितीतरी लहान असलेले 'एल कुसैर' त्याच्याशी कसे जुळले? एवढे होऊनही इस्रायलमध्ये एकाही अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही.

याहून गंभीर प्रश्न वॉशिंग्टनला विचारावे लागतात. किनाऱ्यापासून शंभर मैल दूर जाण्याचा आदेश जहाजासाठी निघाला होता. तो संदेशवहनाच्या गोंधळात अडकला आणि वेळेवर पोहोचलाच नाही. सहाव्या आरमाराच्या विमानवाहू जहाजांवरून मदतीला निघालेली विमाने परत बोलावण्यात आली. ती कोणी, कोणत्या क्षणी व कोणत्या कारणाने बोलावली, यावर वाचलेले खलाशी आणि सरकार यांचे आजही एकमत नाही. रिअर ॲडमिरल किड यांच्या चौकशी न्यायालयाने अवघ्या आठवडाभरात काम आटोपले आणि ही चूक होती असा निष्कर्ष दिला. त्या न्यायालयाचे कायदेविषयक सल्लागार वॉर्ड बोस्टन यांनी पुढे 2004 साली शपथपत्र केले. अध्यक्ष जॉन्सन व संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी हाच निष्कर्ष काढण्यास सांगितले होते, असे त्यात म्हटले आहे. तत्कालीन परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना इस्रायलचा खुलासा अखेरपर्यंत पटला नाही. सेनाप्रमुखांच्या संयुक्त समितीचे माजी अध्यक्ष ॲडमिरल मूरर हेही उघड चौकशी मागत राहिले. 1971 साली प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने संदेशवहनाचा गोंधळ तपासला. मूळ हल्ल्याची उघड व संपूर्ण चौकशी मात्र काँग्रेसने केली नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांत हल्ल्यानंतर तेथे गेलेल्या इस्रायली हेलिकॉप्टर-वैमानिकांचे बोलणे आहे. ते ऐकून काही अभ्यासक चूक खरीच होती असे मानतात. काहींना त्यातून उलट अर्थ निघतो असे वाटते. हल्ला जाणूनबुजून केला, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. म्हणूनच आपण निकाल देण्याची घाई करू नये. या घटनेचे भांडवल करून ज्यू जनतेविरुद्ध विष पेरणारेही आहेत. त्यांच्याशी आपले काहीही नाते नाही. प्रश्न एका सरकारच्या सैन्याचा आणि दुसऱ्या सरकारच्या मौनाचा आहे.

त्या मौनाची किंमतही ठरली. मृतांच्या वारसांसाठी 1968 साली सुमारे 33 लाख डॉलर, जखमींसाठी 1969 साली सुमारे 36 लाख, आणि जहाजाच्या नुकसानीपोटी 1980 साली 60 लाख डॉलर मान्य झाले. खलाशांना तोंड बंद ठेवण्याची ताकीद होती. जखमी अवस्थेत जहाज वाचविणारे कप्तान मॅक्गोनॅगल यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. परंतु ते व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांच्या हस्ते न देता वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत देण्यात आले. शौर्याचाही गाजावाजा नको, इतकी मैत्रीची काळजी!

युद्धनौकेच्या तळाशी काम करणारी मुले बहुधा सामान्य घरांतली असतात. दोन सरकारांचे हितसंबंध जुळले की त्यांच्या मरणाचा हिशेब मिटवला जातो, आणि राष्ट्रहित या शब्दाखाली कागदपत्रे कुलुपबंद होतात. हे दुखणे केवळ अमेरिकेचे नाही. 1962 च्या पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल 1963 साली तयार झाला. त्याचा काही भाग 2014 साली एका परदेशी पत्रकाराने बाहेर आणला. आपल्या सरकारने मात्र तो अधिकृतपणे जनतेपुढे ठेवलेला नाही.

दुसऱ्यांच्या लोकशाहीला प्रश्न विचारताना आपणही हाच दंडक स्वीकारला पाहिजे. सैनिकाला मरणाची आज्ञा देण्याचा अधिकार ज्या राज्यसंस्थेला हवा असेल, तिने त्याच्या मरणाचा पूर्ण वृत्तांत त्याच्या आईबापांना व नागरिकांना दिलाच पाहिजे. मारणारा शत्रू असो वा मित्र. 'लिबर्टी'वरून वाचलेले खलाशी आता वृद्ध झाले आहेत. ते हयात असताना उरलेली कागदपत्रे खुली व्हावीत आणि त्यांच्या साक्षी शपथेवर, उघडपणे नोंदल्या जाव्यात, या मागणीला जगातील प्रत्येक लोकशाहीवाद्याने पाठिंबा दिला पाहिजे.