टाक्याचे मोल

भरतकाम शिकविण्याचा प्रश्न आपल्याकडे हौसेच्या किंवा संस्कारांच्या खात्यावर मांडला जातो. अर्थशास्त्राच्या खात्यावर तो क्वचितच येतो. लखनौची चिकनकारी किंवा पंजाबची फुलकारी शुल्क भरून शिकणारे शहरांत आहेत. परंतु इगतपुरी तालुक्यातील वाडीवस्तीवर जुन्या लुगड्या-धोतरांचे थर रचून धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या बाईला कारागीर म्हणून कोणी गणीत नाही. वस्तुतः बंगालच्या कांथ्याचा आणि आपल्या गोधडीचा मूळ टाका एकच. नक्षी कांथ्याला २००८ साली भौगोलिक मानांकन लाभले. गोधडी मात्र माळ्यावरच राहिली.

सप्टेंबर २०२३ मध्ये आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, हार गुंफणारा आहे. हाताने भरतकाम करणारी स्वतंत्रपणे नाही. हस्तकला विकास आयुक्तांच्या कारागीर ओळखपत्रात भरतकामाला स्थान आहे, हे खरे. परंतु जे काम घरात, फावल्या वेळी आणि स्त्रिया करतात, त्याला श्रम मानण्याची आपली तयारीच नसते.

हिशेब मांडून पाहावा. समजा, एका गोधडीस ६० तास लागले आणि ती १५०० रुपयांस विकली गेली. कापड-दोऱ्याचे ३०० रुपये वजा जाता ताशी २० रुपये, म्हणजे आठ तासांचे १६० रुपये उरतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये होती. मग कोणती आई आपल्या मुलीला हा टाका शिकवील? कला लोपते ती तरुणींच्या अनास्थेमुळे नव्हे, या वजाबाकीमुळे.

म्हणून केवळ प्रशिक्षणवर्ग काढून आणि प्रमाणपत्रे वाटून भागणार नाही. इगतपुरीपासून मुंबईची बाजारपेठ रेल्वेने काही तासांवर आहे. १९७६ पासून येथील विपश्यना केंद्रात देशोदेशींचे साधक येतात. ग्राहक दूर नाही; त्याच्यापर्यंत रास्त भावाने माल पोहोचविणारी सहकारी व्यवस्था हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांच्या सहवासात दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आहेत. शिक्षकांनी त्या दिवसांत गावातील गोधडी शिवणाऱ्या आजीला वर्गात बोलवावे, मात्र मानधन देऊन. मुलांनी टाका शिकावा आणि त्याला लागलेले तासही वहीत मांडावेत. श्रमाची किंमत करावयास शिकणे, हाही त्या कलेच्या शिक्षणाचाच भाग होय.