वहीत नोंद, पण अडवणूक नाही

समजा स्नेहलतागंजातल्या एका इमारतीचा चौकीदार येणाऱ्याचं नाव वहीत लिहितो, पण अडवत कुणालाच नाही. लिनक्समधल्या एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेत याला ‘परमिसिव्ह’ म्हणतात.

वेबसर्व्हर अडला की अनेक जण ‘सेटएनफोर्स ०’ देऊन सगळी इमारतच मोकळी सोडतात. त्यापेक्षा ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ वापरून फक्त वेबसर्व्हरच्या डोमेनला सूट द्या, ऑडिट लॉग वाचा, नियम दुरुस्त करा. अँड्रॉइडनेही २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत आधी नुसत्या नोंदी घेतल्या. २०१४ च्या ५.० पासून पूर्ण बंदोबस्त लावला.

एक मात्र विसरू नका. ‘सेटएनफोर्स ०’ची सूट मशीन रीस्टार्ट झालं की संपते, डोमेनला दिलेली सूट तुम्ही स्वतः काढेपर्यंत टिकते. म्हणून काम झालं की अशा सवलतींची यादी काढून पाहा.