संगणकास घटकाभर निवांतपणा

एकत्र कुटुंबांत एकच संगणक असला म्हणजे त्यावर दहा जणांचा हक्क असतो, पण त्याची निगा राखणें हें कोणाचेंच काम नसतें. पडद्याच्या कोपऱ्यांत ‘अपडेट तयार आहे, रीबूट करा’ अशी सूचना येते. वडील मंडळींचा हिशेब अर्धा लिहून झालेला असतो, सूनबाईंचें कचेरीचें काम उघडें असतें, मुलांचा पाठ चालू असतो. जो तो ‘नंतर’ या बटणावर बोट ठेवून मोकळा होतो. पुढें एखाद्या सायंकाळीं यंत्र आपण होऊनच अपडेटास बसलें, कीं ‘यालाही आतांच मुहूर्त सांपडला!’ म्हणून वीज तोडणाराही घरांत एखादा निघतोच. म्हणून यंत्र रीबूट कां मागतें, हें या महिन्यांत थोडें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चूल पेटलेली असतां ती सारवितां येत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. संगणकाचेंही तसेंच आहे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था. तिच्या कित्येक फायली अनेक प्रोग्रॅम एकाच वेळीं सामाईक वापरीत असतात. विंडोज वापरांत असलेली अशी फाईल बहुधा बदलूंच देत नाहीं. बदलाची नोंद ठेवून, यंत्र पुनः सुरू होतांना, ती कोणाच्या हातीं जाण्यापूर्वींच, नवी फाईल जागेवर बसविली जाते. लिनक्समध्यें चालू कामांतही फाईल बदलतां येते. वरवर पाहतां ही सोयच. पण आधींपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच फाईल धरून बसतो, नव्यानें उघडलेला नवी घेतो, आणि दोघांचें जुळेनासें झालें म्हणजे काम अर्ध्यावर कोसळतें.

यावर फेडोरा नांवाच्या लिनक्सनें जानेवारी २०१३ मध्यें आलेल्या १८ व्या आवृत्तींत जी तोड काढली, ती आम्हांस फार समंजस वाटते. नव्या फायली आपलें काम चालू असतांनाच उतरवून घेतात, पण बसवीत नाहींत. फक्त ‘सिस्टीम-अपडेट’ नांवाची एक खूण ठेवून देतात. रीबूट होतांना ती खूण दिसली, कीं यंत्र सगळा संसार मांडीतच नाहीं. अगदीं आवश्यक तेवढेंच जागें करून अपडेट बसवितें आणि पुनः एकवार रीबूट होऊन नेहमींच्या रूपांत येतें. खरी खुबी आणखी एका गोष्टींत आहे. कामास हात घालण्यापूर्वीं ती खूण पुसून टाकावयाची, असा दंडक आहे. अपडेट मध्येंच फसलें आणि खूण तशीच राहिली, तर यंत्र दर वेळीं उठून त्याच खड्ड्यांत पडेल!

कित्येक अँड्रॉइड फोनांत तर २०१६ सालच्या ७.० आवृत्तीपासून सिस्टीमच्या दोन प्रतींची योजना आहे. एकीवर फोन चालतो, दुसरीवर अपडेट लिहिलें जातें. रीबूट होतांना नुसती अदलाबदल. नवी उठली नाहीं तर जुनी आहेच. घरच्या संगणकांत बहुधा अशी दुसरी प्रत नसते. फसलेलें अपडेट मागें घेण्याची सोय विंडोजमध्यें आहे खरी, पण तिच्या भरंवशावर वीज तोडणें शहाणपणाचें नव्हे.

‘नंतर’ म्हणण्याचें मोल काय पडतें, तें २०१७ सालीं दिसलें. विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती १४ मार्च रोजीं प्रसिद्ध झाली होती. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव त्याच दोषांतून शिरला व ब्रिटनमधील कित्येक सरकारी रुग्णालयांत रोग्यांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती जवळजवळ दोन महिने दाराशीं उभी होती!

आमची सूचना अशी, कीं आठवड्यांतून एक रात्र ठरवून हें काम घरांतील एका व्यक्तीकडे सोंपवावें. तिनें सर्वांस विचारून उघडीं कामें जतन करून घ्यावींत. छायाचित्रें व हिशेब यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर आधींच असावी. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडावा. वादळी पावसाची रात्र टाळावी. टक्क्यांचा आंकडा बराच वेळ एका जागीं थिजला, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोंवर काम चालू आहे असें समजावें, आणि तेवढा वेळ मुलांस, तसेंच घाईच्या वडील मंडळींसही, बटणापासून दूर ठेवावें.